फोर्ट स्मिथचा हँगिंग जज: ७९ जण फासावर गेले ते नेमके कसे

अमेरिकेच्या वाइल्ड वेस्टबद्दल थोडंफार वाचलेल्या कुणालाही विचारा, ‘हँगिंग जज’ कोण, तर एकच नाव येतं, आयझॅक पार्कर. सोबतचा हिशोबही पाठ असतो: २१ वर्षं खुर्चीवर, १६० जणांना फाशीची शिक्षा, त्यातले ७९ प्रत्यक्ष फासावर. एवढं सांगून लोक मोकळे होतात. मीही बरीच वर्षं तेवढ्यावरच होतो, डोक्यात सिनेमातलं चित्र, पांढऱ्या दाढीचा खडूस म्हातारा वगैरे. मग त्याच्या कोर्टातून सुप्रीम कोर्टात गेलेल्या केसेस वाचायला घेतल्या आणि कळलं की हा माणूस तिथे रुजू झाला तेव्हा जेमतेम ३६ वर्षांचा होता, आणि खरी भानगड त्याच्या रागीटपणात कमी आणि त्या कोर्टाच्या रचनेत जास्त होती. ती रचना समजली नाही तर ७९ हा आकडा नुसताच भुतासारखा डोळ्यासमोर नाचत राहतो.

पण आधी माणूस बघू, कारण करिअर तसं मजेशीर आहे.

१५ ऑक्टोबर १८३८ ला ओहायोमधल्या बार्न्सव्हिलजवळ जन्म, घर शेतकऱ्याचं. शाळेत शिकवून पैसे मिळवायचे आणि त्यावर स्वतःचं शिक्षण करायचं असं चाललेलं. लॉ कॉलेजचा प्रश्नच नव्हता. तेव्हा वकील व्हायची पद्धत म्हणजे कायदा ‘वाचायचा’, पुस्तकं मिळवायची, कुणा वकिलाच्या हाताखाली बसायचं, आणि मग तयारी झाली असं वाटलं की परीक्षा देऊन सनद घ्यायची. पार्करला ती १८५९ मध्ये मिळाली आणि त्याच वर्षी तो उठून मिझुरीतल्या सेंट जोसेफला गेला, कारण तिथे मामाची वकिलीची फर्म होती. (मामा असला की बरं असतं, हे काही फक्त आपल्याकडचं नाही.) सेंट जोसेफ म्हणजे तेव्हा अक्षरशः शेवटचं स्टेशन. रेल्वे तिथे नुकतीच पोचलेली आणि तिथेच संपायची, पुढे पश्चिमेला जायचं तर घोडा नाहीतर बैल. पोनी एक्स्प्रेसची घोडेस्वार टपाल १८६० मध्ये इथूनच सुरू झाली. अशा गावात वकिलाला कामाचा तोटा नसतो, जमिनीची भांडणं, उधाऱ्या, मारामाऱ्या, सगळं ताजं ताजं.

१८६१ मध्ये तो डेमोक्रॅटिक पक्षाकडून सिटी अ‍ॅटर्नी म्हणून निवडून आला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी स्थानिक सरकारी वकील निवडणूक लढवून येतो आणि बऱ्याच राज्यांत जजसुद्धा, त्यामुळे वकील, राजकारणी आणि जज या तीन वेगळ्या लाइनी नव्हत्याच, एकाच जिन्याच्या पायऱ्या होत्या. मग सिव्हिल वॉर सुरू झालं. मिझुरी हे गुलामगिरी असलेलं पण युनियनमध्ये (म्हणजे लिंकनच्या, उत्तरेच्या बाजूला) राहिलेलं राज्य, म्हणजे शेजारच्या घरात शत्रू अशी परिस्थिती. पार्कर युनियनच्या बाजूने स्थानिक दलात गेला, गुलामगिरीच्या प्रश्नावर डेमोक्रॅट्सशी फाटलं आणि तो रिपब्लिकन झाला. १८६४ मध्ये तर लिंकनसाठी इलेक्टोरल कॉलेजमध्ये मत देणाऱ्यांत तो होता. नंतर सरकारी वकील, १८६८ मध्ये सर्किट जज, तीही ६ वर्षांची टर्म, पण दोनच वर्षांत ती सोडून काँग्रेसला उभा राहिला आणि निवडून आला. १८७१ ते १८७५ अशा दोन टर्म वॉशिंग्टनमध्ये.

तिथे त्याने केलेल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, टेरिटरीजमध्ये म्हणजे जे भाग अजून राज्य झालेले नाहीत तिथे बायकांना मताचा आणि पदाचा हक्क द्यावा असं बिल त्याने आणलं, जे अर्थातच पडलं. दुसरी, इंडियन लोकांशी (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांशी, तेव्हा हाच शब्द चालायचा) केलेले करार सरकारने पाळावेत म्हणून तो सारखा बोलायचा. ‘फाशीवाला’ म्हणून ज्याची ओळख त्याचं हे रेकॉर्ड.

१८७४ येईपर्यंत मिझुरीत वारं डेमोक्रॅट्सकडे फिरलेलं होतं, तिथून पुन्हा निवडून यायची आशा नव्हती. मग राष्ट्राध्यक्ष ग्रँटकडे नोकरीसाठी शब्द टाकला. ग्रँटने त्याला युटा टेरिटरीचा चीफ जस्टिस करायचं ठरवलं, नावही पाठवलं, पण पार्करने विनंती केली की युटा नको, वेस्टर्न डिस्ट्रिक्ट ऑफ आर्कान्सॉ द्या. हे पद फेडरल जजचं, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टातलं आणि तहहयात. मार्च १८७५ मध्ये नाव गेलं आणि दुसऱ्याच दिवशी सेनेटने मंजूर केलं. एवढी घाई का तर त्या कोर्टाची अब्रू गेली होती. आधीचा जज विल्यम स्टोरी लाचखोरीच्या आरोपांमुळे महाभियोग टाळायला राजीनामा देऊन गेलेला होता.

आता इथे मुख्य विषय येतो, ते कोर्ट.

नकाशा डोळ्यासमोर आणा. आर्कान्सॉ राज्याची पश्चिम सीमा, तिथे आर्कान्सॉ नदीकाठी फोर्ट स्मिथ हे गाव, जुना लष्करी किल्ला. नदीच्या पलीकडे इंडियन टेरिटरी, म्हणजे आजच्या ओक्लाहोमाचा बहुतेक भाग. १८३० च्या दशकात चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ, क्रीक आणि सेमिनोल या पाच नेशन्सना (म्हणजे मूळ रहिवाशांच्या जमातींना) त्यांच्या जमिनींवरून हाकलून इथे आणून बसवलं होतं, वाटेत हजारो मेले. बदल्यात करार काय, तर इथे तुमचं राज्य तुम्ही चालवा. आणि ते चालवत होते, स्वतःची राज्यघटना, कायदेमंडळ, कोर्ट, लाइटहॉर्स नावाचं घोडेस्वार पोलीसदल, सगळं.

पण त्यांच्या कोर्टाला एक मर्यादा होती. आरोपी आणि ज्याच्यावर गुन्हा झाला तो, दोघेही इंडियन असतील तरच त्यांचं कोर्ट. म्हणजे समजा १८८० साल आहे. चेरोकी माणसाने चेरोकी माणसाला मारलं, खटला चेरोकी कोर्टात, फोर्ट स्मिथचा काही संबंध नाही. गोऱ्याने चेरोकीला मारलं, फोर्ट स्मिथ. चेरोकीने गोऱ्याला मारलं, फोर्ट स्मिथ. गोऱ्यानेच गोऱ्याला मारलं पण नदीच्या पलीकडे, तरी फोर्ट स्मिथच, कारण आर्कान्सॉ राज्याच्या पोलिसांना तिथे काही अधिकार नाही. आणि गुलामगिरीतून सुटलेले काळे लोक आले की अजून गुंता, कारण त्यातले काही त्या नेशनचे नागरिक मानले जायचे, काही नाही. एली लुकास नावाच्या एका चॉक्टॉवरची केस पुढे सुप्रीम कोर्टात याच मुद्द्यावर उलटली: मेलेला काळा माणूस चॉक्टॉ नागरिक नव्हता हे गृहीत धरून चालेल असं पार्करने ज्युरीला सांगितलं होतं, वरचं कोर्ट म्हणालं, गृहीत कसलं धरता, सिद्ध करा.

या व्यवस्थेचा परिणाम काय होणार ते सांगायला नको. टेक्सास, मिझुरी, कॅन्सस कुठेही दरोडा घालायचा, घोडा चोरायचा आणि टेरिटरीत शिरायचं. तिथले पोलीस हात लावू शकत नाहीत, मागून येणारा शेरीफ सीमेवर थांबतो. फक्त फोर्ट स्मिथच्या मार्शलचे (म्हणजे फेडरल कोर्टाच्या पोलीस अधिकाऱ्याचे) डेप्युटी तेवढे येऊ शकतात, आणि त्यांना बघायचा भाग सुमारे ७४,००० चौरस मैल. महाराष्ट्र १,१८,००० चौरस मैलांच्या आसपास आहे, म्हणजे निम्म्याहून बराच मोठा मुलूख, रस्ते नाहीत, आणि एक कोर्ट.

डेप्युटींना पगार नव्हता. मैलामागे ६ सेंट, अटकेमागे २ डॉलर, असले दर. आरोपीला गोळी घालावी लागली तर अटकेचे पैसे बुडाले आणि नातेवाईक पुढे आले नाहीत तर पुरण्याचा खर्चही अंगावर. त्यामुळे जिवंत आणण्यात फायदा होता, हे विसरू नका. एक वॅगन, एक स्वयंपाकी, दोन-तीन मदतनीस, खिशात वॉरंटांचा गठ्ठा, आणि मग आठवडेच्या आठवडे फिरून पकडलेल्यांना साखळीने बांधून परत. पार्करच्या काळात यातले साठहून जास्त डेप्युटी मारले गेले. यातलाच एक बास रीव्हज, जन्म गुलामगिरीत, लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून निघण्याआधी प्रत्येक वॉरंट कुणाकडून तरी वाचून घ्यायचा आणि कुठल्या कागदावर कुणाचं नाव ते पाठ करून ठेवायचा. काळा माणूस गोऱ्या गुन्हेगाराला बेड्या घालून आणतोय, १८७५ नंतरच्या दक्षिणेत, जरा कल्पना करून बघा. त्याच्यावरही एकदा स्वतःच्याच स्वयंपाक्याच्या खुनाचा खटला चालला, १८८७ मध्ये, पार्करच्याच कोर्टात, आणि तो सुटला.

पार्कर ४ मे १८७५ ला फोर्ट स्मिथला आला आणि १० तारखेला कोर्ट सुरू. पहिल्याच सत्रात खुनाचे १८ आरोपी, १५ दोषी, ८ जणांना फाशी. एक पळताना गोळी लागून मेला, एकाची शिक्षा लहान वयामुळे कमी झाली, उरले सहा. त्यात तीन गोरे, एक काळा, एक चेरोकी आणि एक मिश्र वंशाचा. डॅनियल इव्हान्स नावाच्या एकाने सोबतच्या पोराला मारलं होतं, आणि सांगतात की खटल्यात त्या पोराच्या बापाने इव्हान्सच्या पायातले बूट ओळखले, ते मुलाचे होते. मेलेल्याचे बूट घालून आरोपी कोर्टात बसलाय.

३ सप्टेंबर १८७५. सहा जणांना एका ओळीत उभं करता येईल असा तख्ता मुद्दाम बांधून घेतलेला. बघायला अंदाजे पाच हजार लोक, बायका-पोरांसकट, बाहेरगावचे पत्रकार, जत्राच म्हणा. वॉरंट वाचून झाली, प्रार्थना झाली, डोक्यावर काळ्या टोप्या चढल्या, जॉर्ज मॅलेडन या फाशी देणाऱ्याने खटका ओढला आणि सहाही एकदम खाली. दुसऱ्या दिवसापासून देशभरच्या पेपरांत फोर्ट स्मिथ. ‘हँगिंग जज’ या नावाचं मूळ इथे आहे, नोकरीच्या पहिल्या चार महिन्यांत. पुढे फाशी उघड्यावर द्यायचं बंद करून तख्त्याभोवती कुंपण घातलं, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

तरी ज्या खटल्यांसाठी तो खरं म्हणजे बसायचा ते बघितले तर चित्र वेगळंच दिसतं. २१ वर्षांत जवळपास साडेतेरा हजार केसेस. त्यात फाशी होऊ शकेल अशा ३४४. बाकीचं काय तर टेरिटरीत दारू नेऊन विकणं (इंडियन भागात दारू न्यायला फेडरल बंदी होती), घोड्याची चोरी, सरकारी किंवा इंडियन जमिनीवरची झाडं तोडणं, मारामारी. बेल स्टार, जिला नंतर पुस्तकवाल्यांनी ‘दरोडेखोरांची राणी’ करून टाकली, ती १८८३ मध्ये घोडाचोरीत त्याच्यासमोर आली आणि तुरुंगात राहिली किती, तर ९ महिने. आठवड्याचे सहा दिवस, सकाळपासून दिवे लागेपर्यंत कोर्ट. कंटाळवाणी, चिवट, रोजची कारकुनी. पण ‘दारूच्या बाटल्यांवाला जज’ असं नाव कुणी देत नाही.

तुरुंगाबद्दल सांगायलाच हवं कारण त्याशिवाय हे सगळं फार स्वच्छ वाटेल. कोर्ट जुन्या लष्करी बराकीत भरायचं आणि कैदी त्याच इमारतीच्या तळघरात. दोन खोल्या, छत हाताला लागेल एवढं, दगडी फरशी, व्हरांड्याखाली छोट्या खिडक्या, आणि खाटा नाहीत, जमिनीवर झोपायचं. खुनी, दारू विकणारा, नुसता संशयित आणि कोवळं पोर सगळे एकत्र. लघवीची टमरेलं जुन्या धुराड्याच्या खणात ठेवायची म्हणजे वास वर जाईल अशी आयडिया, आणि वास खरंच वर जायचा, थेट कोर्टाच्या खोलीत. १८८५ मध्ये सेनेटर डॉज यांची मुलगी अ‍ॅना डॉज हे बघून गेली आणि तिने जे लिहिलं त्याने वॉशिंग्टनला जाग आली, तरी नवीन तुरुंग उभा राहायला १८८८ उजाडलं. म्हणजे पार्करची पहिली १३ वर्षं त्याच्या पायाखाली हे चालू होतं.

बरं, मग ७९ चा दोष कुणाचा? पार्करचं म्हणणं शेवटपर्यंत एकच, मी कुणाला फासावर दिलं नाही, कायद्याने दिलं. आणि यात तथ्य आहे. त्या वेळच्या फेडरल कायद्यात खून किंवा बलात्कार सिद्ध झाला की शिक्षा एकच, फाशी. जन्मठेपेचा पर्यायच नव्हता, म्हणजे जजला निवडच नाही. दोषी की निर्दोष हे ज्युरी ठरवणार, दोषी म्हटलं की जजने फक्त तारीख द्यायची. सांगतात की पहिल्या शिक्षा सुनावल्यावर त्याला रडू आवरलं नाही.

इथपर्यंत मी त्याच्या बाजूने. पण ज्युरी ठरवते म्हणजे काय ते जरा जवळून बघू.

ज्युरी म्हटलं की आपल्याला नानावटी खटला आठवतो. १९५९ ला मुंबईत ज्युरीने ८ विरुद्ध १ असं निर्दोष म्हटलं, सेशन जजला ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि हायकोर्टाने जी कारणं दिली त्यात एक होतं की जजने ज्युरीला कायदा नीट समजावून सांगितला नाही. म्हणजे ज्युरीपुढे जज शेवटी जे बोलतो, ज्याला ‘चार्ज’ म्हणतात, त्यावर निकाल हलू शकतो. पार्करचे चार्ज प्रसिद्ध होते, तासन्‌तास चालायचे, आणि त्यात कायदा कमी आणि कीर्तन जास्त असायचं. आरोपी पळून गेला होता? मग पार्कर बायबलमधलं वचन काढायचा, कुणी पाठलाग करत नसतानाही दुष्ट माणूस पळतो आणि सज्जन सिंहासारखा निर्भय असतो. समोर आर्कान्सॉचे शेतकरी ज्युरीत बसलेत, जज तहहयात, गावात सगळ्यात मानाचा माणूस, तो पळण्याचा हा अर्थ सांगतोय. आता करा निर्दोष! (आणि हो, ज्युरी आर्कान्सॉमधली, म्हणजे टेरिटरीतला इंडियन आरोपी असला तरी निकाल देणारे त्याचे शेजारी नाहीत.) म्हणून ‘कायद्याने दिलं’ हे वाक्य मला अर्धंच खरं वाटतं. शिक्षा कायद्याची होती, पण त्या दारापर्यंत ज्युरीला हाताला धरून नेणारा हाच होता.

आणि नेलं चुकीचं तर वरती विचारणारं कोण? कुणीच नाही. हा त्या कोर्टाचा सगळ्यात भयंकर भाग आणि आपल्याला तो पटकन लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे सेशन कोर्टाने फाशी दिली तर हायकोर्टाने कन्फर्म केल्याशिवाय ती देताच येत नाही. तिथे तेव्हा फेडरल फौजदारी खटल्यात सुप्रीम कोर्टाकडे सरळ अपीलच नव्हतं. सर्किट कोर्टात दोन जज बसले आणि त्यांच्यात एखाद्या कायदेशीर मुद्द्यावर मतभेद झाला तर तो प्रश्न वर पाठवता यायचा. पण पार्करच्या कोर्टाला डिस्ट्रिक्ट आणि सर्किट दोन्हीचे अधिकार होते आणि खुर्चीवर बसणारा एकटा पार्कर, आता एकटा माणूस स्वतःशीच मतभेद कसा करणार? राहिला एकच मार्ग, राष्ट्राध्यक्षाकडे दयेचा अर्ज. १६० पैकी बरेच जण त्या वाटेने वाचले, काही तुरुंगात मेले. फाशीची शिक्षा झालेल्यांत चार बायका होत्या, त्यातली एकही फासावर गेली नाही.

म्हणजे १४ वर्षं. १८७५ ते १८८९, एक माणूस, त्याच्यावर कुणी नाही.

फेब्रुवारी १८८९ मध्ये काँग्रेसने कायदा केला की फाशीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टात जाता येईल, १ मेपासून लागू. आणि मग जे झालं ते पार्करच्या रेकॉर्डबद्दल सगळ्यात बोलकं आहे. त्याच्या ज्या फाशीच्या केसेस वर गेल्या त्यातल्या दोन तृतीयांशाहून जास्त उलटल्या. एखाद-दुसरी नाही, दोन तृतीयांश! साहजिक पुढचा प्रश्न डोक्यात येतो की मग आधीच्या १४ वर्षांतल्या किती उलटल्या असत्या. त्याचं उत्तर देणारे लोक जमिनीखाली होते.

या उलटलेल्या निकालांतून अमेरिकेचा आजचा फौजदारी कायदा बराचसा घडला, हे फार लोकांना माहीत नसतं. उदाहरणार्थ बेब बेर्डची केस, आणि भांडण कशावरून तर एका गाईवरून. गाय आपली आहे म्हणून जोन्स भाऊ न्यायला आले, बेर्डच्या घराजवळच बाचाबाची, विल जोन्सने खिशाकडे हात नेला, बेर्डने बंदुकीने डोक्यात हाणलं, जोन्स मेला. पार्करने ज्युरीला सांगितलं की बेर्डला मागे हटता येत होतं तर हटायला हवं होतं, घराच्या चार भिंतींत असता तर गोष्ट वेगळी. मनुष्यवध म्हणून ८ वर्षं आणि ५०० डॉलर दंड. (फाशी नव्हे, पण ही केसही वर गेली.) १८९५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, स्वतःच्या जागेत असताना, भांडण आपण सुरू केलेलं नसताना, माणसाने पळायलाच हवं असं नाही. आज अमेरिकेत बंदुकीने मारल्यावर ‘मी मागे का हटू’ असा बचाव ऐकता ना, त्याच्या मुळाशी जे निकाल आहेत त्यात ही गाय उभी आहे. गंमत म्हणजे इथे मला पार्करचंच म्हणणं जास्त शहाणपणाचं वाटतं. ज्याला फाशीवाला म्हणतात तो सांगत होता की टाळता येत असेल तर माणूस मारू नका.

पळणाऱ्या दुष्टाचं वचनही १८९६ मध्ये सॅम हिकरी या चेरोकीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मोडीत काढलं, घाबरूनही माणूस पळतो असं म्हणत. हेन्री स्टारला तर पार्करने दोनदा फाशीची शिक्षा सुनावली आणि दोनदा ती वरून उलटली. या स्टारने शेवटी मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला, काही वर्षं आत बसला, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने माफी दिली, त्याने पोराचं नाव रूझवेल्ट ठेवलं, आणि मग परत दरोडे. १९२१ मध्ये मोटारीतून बँक लुटायला गेला असताना गोळी लागून मेला. पार्करचं भूत कुठेतरी ‘बघा, मी सांगत नव्हतो’ म्हणत असणार.

पार्करला हे सगळं फार लागलं. त्याचं म्हणणं की वॉशिंग्टनमध्ये बसलेल्यांना टेरिटरी माहीत नाही, तांत्रिक चुका काढून खुन्यांना सोडतायत. १८९५ मध्ये त्याला हवा तसा पुरावाच मिळाला. चेरोकी बिल, खरं नाव क्रॉफर्ड गोल्ड्सबी, विशीच्या आतला पोरगा, दुकान लुटताना खून केला म्हणून फाशी झालेली, पण अपील चालू म्हणून तुरुंगात. २६ जुलैला कुठून तरी आत आलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन त्याने लॉरेन्स कीटिंग या गार्डला मारलं. बाहेर जमाव, आत गोळीबार. शेवटी कोणी सोडवलं तर त्याच हेन्री स्टारने, तो शेजारच्या बाजूला कैदेत होता, आत जाऊन बिलकडून बंदूक काढून आणली. पार्करने उघड बोलायला सुरुवात केली की हा गार्ड अपिलांच्या उशिरामुळे मेला, आणि न्याय खात्याच्या अधिकाऱ्याशी पेपरांतून पत्रापत्रीची जाहीर भांडणं केली. पदावर असलेल्या जजने असं करणं शोभत नाही, पण ऐकतो कोण. बिलला १७ मार्च १८९६ ला फाशी झाली. शेवटचं काही बोलायचंय का विचारल्यावर तो म्हणाला म्हणे, मरायला आलोय, भाषण करायला नाही.

एकच मोठा विजय त्याला मिळाला तो बघायला तो राहिला नाही. अलेक्झांडर अ‍ॅलन, काळा, वय १४ च्या आसपास, शेतात दोन-तीन पोरांची मारामारी, काठ्या, मग बंदूक, आणि एक गोरा मुलगा मेला. पार्करच्या कोर्टात तीनदा खटला, तीनदा फाशी, दोनदा वरून उलटली. तिसऱ्यांदा ज्युरी अडकली होती आणि पार्करने त्यांना सांगितलं की ज्यांचं मत कमी जणांचं आहे त्यांनी जरा विचार करावा की इतके प्रामाणिक लोक वेगळं म्हणतायत तर आपलंच तर चुकत नाही ना. सुप्रीम कोर्टाने ७ डिसेंबर १८९६ ला हे मान्य केलं. आजही अमेरिकेत अडकलेल्या ज्युरीला जज हे ऐकवतो, त्याला ‘अ‍ॅलन चार्ज’ म्हणतात, वकील लोक ‘डायनामाइट’ म्हणतात, आणि काही राज्यांनी त्यावर बंदी आणलीय कारण एकट्या पडलेल्या ज्युररवर दबाव येतो. एका पोराचं नाव असं कायद्यात राहिलं.

त्याआधीच कोर्ट संपलं होतं. टेरिटरीचे तुकडे १८८३ पासूनच दुसऱ्या कोर्टांना देत चालले होते, आणि काँग्रेसने ठरवल्याप्रमाणे १ सप्टेंबर १८९६ ला फोर्ट स्मिथचा इंडियन टेरिटरीवरचा अधिकार पूर्ण गेला. पुकारा करणाऱ्याने कोर्ट ‘कायमचं’ तहकूब झाल्याचं जाहीर केलं तेव्हा पार्कर घरी आजारी पडून होता. त्याच सुमारास सेंट लुईसहून आलेल्या एका महिला पत्रकाराला त्याने बिछान्यावरून मुलाखत दिली, आणि त्यात म्हणाला की शिक्षा होणारच अशी खात्री असेल तर ती कुठलीही असो, फाशी रद्द करायला माझी हरकत नाही, शिक्षेची खात्री नसणं हीच न्यायाची कमजोरी आहे. ७९ जणांनंतर हे. काहींना हा ढोंगीपणा वाटतो, मला नाही वाटत, काँग्रेसमधलं त्याचं रेकॉर्ड बघता हाच माणूस आधीपासून आत होता असं वाटतं, फक्त त्याच्या चार्जमध्ये तो दिसत नाही.

१७ नोव्हेंबर १८९६ ला तो गेला, वय ५८. सांगतात की तुरुंगात बातमी पोचल्यावर कैद्यांनी जल्लोष केला, आणि क्रीक नेशनचे प्लेझंट पोर्टर कबरीवर रानफुलं ठेवून गेले. जवळपास दोन महिन्यांनी, जानेवारी १८९७ मध्ये, काँग्रेसने कायदा बदलला: खून आणि बलात्काराच्या केसमध्ये ज्युरी दोषी ठरवतानाच ‘फाशी नको’ असं म्हणू शकते, मग जन्मठेप.

आणि ती कटकट, आरोपी कोण, मेलेला कोण, कोर्ट कुणाचं? ती संपली असं सगळ्यांना १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झाल्यावर वाटलं होतं. मग ९ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने ठरवलं की क्रीक लोकांची ती जमीन कायद्याच्या दृष्टीने कधी त्यांच्याकडून गेलीच नव्हती, त्यामुळे तिथे इंडियन माणसावर मोठ्या गुन्ह्याचा खटला ओक्लाहोमा राज्य चालवू शकत नाही, फेडरल कोर्टात चालवा. आता तिथल्या पोलिसाने कुणाला पकडलं की सुरुवातीच्या प्रश्नांत एक असतो, तू कुठल्या नेशनचा नागरिक आहेस का.